अंदमानला चाललाय? मग बीच कसा निवडायचा ते आधी बघून घ्या

अंदमानचं ठरलं की घरातले सगळे फोन काढून फोटो बघायला लागतात आणि तिथेच गाडं अडतं, कारण फोटोत सगळेच बीच सारखे. पाणी निळं, वाळू पांढरी, एखादं वाकलेलं झाड. यातला कुठला घ्यायचा, कुठे राहायचं, मुलांना पाण्यात कुठे सोडायचं यातलं काहीच फोटोवरून कळत नाही. मग एजंट जे पॅकेज देतो ते आपण घेतो, आणि तिथे गेल्यावर कळतं की हॉटेलसमोरच्या समुद्रात दुपारी गुडघाभर पण पाणी नाही, नुसते खडक.

नातेवाईक, मित्र, सोसायटीतले लोक सतत विचारत असतात म्हणून सगळं एकदाच नीट लिहून काढतोय. अंदमानात बीच निवडताना चार गोष्टी बघायच्या, महिना कुठला, बीचचं तोंड कुठल्या दिशेला, पाण्याखाली वाळू आहे की खडक, आणि तुम्ही पोचाल तेव्हा भरती असेल की ओहोटी. फोटो सगळ्यात शेवटी.

१. आधी महिना, मग बीच

आपल्याकडे लांबच्या सुट्ट्या तीनच, दिवाळी, नाताळ आणि मे. तिन्ही वेळेला अंदमानचा समुद्र वेगळा असतो.

मे महिन्याचं आधी सांगतो कारण शाळेच्या सुट्टीमुळे सगळ्यात जास्त घरं तेव्हाच निघतात. दरवर्षी मे महिन्यात टीव्हीवर खाली पट्टी फिरते, मान्सून अंदमानात दाखल, आणि आपण इथे घामाघूम होऊन खूश होतो. पण त्याच आठवड्याचं तुमचं अंदमानचं बुकिंग असेल तर ती बातमी तुमच्यासाठी वाईट आहे. मान्सून तिथे साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात पोचतो, कधी त्याच्याही आधी, २०२५ मध्ये तर तो १३ मेलाच अंदमान समुद्राच्या दक्षिण भागात आणि निकोबारला पोचला होता. एकदा नैर्ऋत्येचा वारा सुरू झाला की समुद्र खवळतो, बेटांमधल्या फेऱ्या, म्हणजे प्रवासी बोटी, रद्द व्हायला लागतात, पाणी गढूळतं आणि स्नॉर्कलिंगमध्ये, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खाली बघताना, काही दिसत नाही. मेमध्येच जायचं असेल तर पहिला आठवडा धरा, एप्रिलचा शेवट मिळाला तर फारच छान.

दिवाळीत आपल्याकडे पाऊस संपलेला असतो म्हणून आपण धरून चालतो की तिथेही संपला असेल. तसं नाहीये. अंदमानला नैर्ऋत्य आणि ईशान्य अशा दोन्ही मान्सूनचा पाऊस मिळतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचे महिने. डिसेंबरचा पहिला आठवडा पण पूर्ण सुरक्षित धरू नका, डिसेंबर २०१६ मध्ये खराब हवामानामुळे हॅवलॉक आणि नील या बेटांवर हजारावर पर्यटक अडकले होते आणि शेवटी नौदलाच्या जहाजांनी त्यांना बाहेर काढलं. दिवाळीत जाऊ नका असं मी म्हणत नाही, पण गेलात तर हातात एक-दोन दिवस जास्तीचे ठेवाच.

सगळ्यात चांगला काळ जानेवारी ते एप्रिल. हवा स्थिर, पाणी नितळ. नाताळात हवा चांगली असते पण गर्दी आणि भाव दोन्ही चढलेले असतात, तेव्हा जायचं तर फेरीची तिकिटं खूप आधी काढावी लागतात.

२. नावांचा गोंधळ आधी मिटवून घ्या

हे पटकन सांगतो. डिसेंबर २०१८ मध्ये तीन बेटांची नावं बदलली. हॅवलॉक झालं स्वराज द्वीप, नील झालं शहीद द्वीप आणि रॉस आयलंड झालं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. लोक बोलताना अजून जुनीच नावं घेतात, तिकिटावर मात्र नवं नाव असू शकतं, त्यामुळे आपण चुकीच्या बेटाचं तिकीट काढलं की काय म्हणून घाबरून जाऊ नका. मी इथे बोलण्यातली नावं वापरतोय.

आणखी एक, अंदमान-निकोबार असं आपण एका दमात म्हणतो पण निकोबार पर्यटकांसाठी खुलं नाही. तिथल्या बीचचे फोटो बघून ते यादीत घालू नका. तुमची निवड अंदमानातूनच, आणि पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी ती मुख्यतः तीन ठिकाणांत, पोर्ट ब्लेअर आणि आसपास, हॅवलॉक, नील.

३. बीचचं तोंड कुठे आहे ते नकाशात बघा

हे कोणी सांगत नाही आणि खरं तर पाच मिनिटांचं काम आहे. फोनवर नकाशा उघडा, बीच शोधा, समुद्र कुठल्या बाजूला आहे ते बघा.

पश्चिमेला तोंड म्हणजे सूर्यास्त दिसणार. हॅवलॉकचा राधानगर, नीलचा लक्ष्मणपूर, पोर्ट ब्लेअरजवळ चिडिया टापू. पूर्वेला तोंड म्हणजे सूर्योदय, हॅवलॉकचा कालापत्थर, नीलचा सीतापूर. एवढं साधं. पण पॅकेजमध्ये कालापत्थरला दुपारी दोनला नेतात, ऊन डोक्यावर, खडक तापलेले, आणि दहा मिनिटांत लोक गाडीत परत. तो बीच सकाळचा आहे.

दुसरं म्हणजे वारा. हिवाळ्यात वारा ईशान्येकडून येतो, त्यामुळे पूर्वेकडच्या किनाऱ्यावर थोड्या लाटा असतात आणि बेटाच्या आडोशाला पश्चिमेचा राधानगर शांत असतो. पावसाळ्यात उलटं, नैर्ऋत्येचा वारा थेट राधानगरवर येतो आणि तिथे पोहणं धोक्याचं होतं. म्हणजे एकच बीच फेब्रुवारीत लहान मुलांना घेऊन बसण्यासारखा आणि जूनमध्ये नुसता लांबून बघण्यासारखा. एखाद्याने "राधानगरला पाणी भयंकर होतं" सांगितलं आणि दुसऱ्याने "अगदी तळ्यासारखं होतं" सांगितलं तर दोघंही खरं बोलत असतात, महिना विचारा.

आणि सूर्याच्या वेळा. अंदमान आपल्यापेक्षा खूप पूर्वेला आहे पण घड्याळ तेच, त्यामुळे डिसेंबरात तिथे संध्याकाळी पाचच्या आसपास सूर्य बुडतो. मुंबईच्या सवयीने साडेपाचला राधानगरला पोचलात तर अंधार बघून परत याल. चारच्या आधी वाळूवर पाय पाहिजे. सकाळी उलट, साडेपाचलाच उजाडायला लागतं, त्यामुळे दिवस लवकर सुरू करा आणि लवकर संपवा, तिथली सगळी व्यवस्था तशीच चालते.

४. भरती-ओहोटी

कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको, पण पुणे, नागपूर, संभाजीनगरकडून पहिल्यांदा समुद्रावर चाललेल्यांनी हा भाग नीट वाचा, कारण अंदमानातली निम्मी निराशा इथूनच येते.

दिवसात दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी जास्त वर येतं आणि ओहोटीला जास्त लांब जातं. अष्टमीच्या आसपास भांग, फरक कमी. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. हे गणित आपल्या किनाऱ्याचं आहे, ते अंदमानला लावू नका, तिथली वेळ वेगळी पडते. फोनवर भरतीच्या वेळा दाखवणारी अॅप्स आहेत, त्यात पोर्ट ब्लेअर टाका आणि तुमच्या तारखांच्या वेळा कागदावर उतरवून घ्या. नाहीच जमलं तर हॉटेलच्या माणसाला आदल्या रात्री विचारा, त्यांना तोंडपाठ असतं.

आता हे कुठे लागतं ते बघा. हॅवलॉकचा विजयनगर बीच, ज्याला पाच नंबर म्हणतात, तिथे बरीचशी रिसॉर्ट्स आहेत. भरतीला बघाल तर डोळ्यांचं पारणं फिटतं, महुआची मोठी झाडं पाण्यावर वाकलेली, पाणी फिकट हिरवं, अगदी झाडांच्या मुळांपर्यंत आलेलं. तेच तीन-चार तासांनी जा. पाणी पार लांब गेलेलं, मध्ये ओली राखाडी वाळू, शेवाळलेले खडक, मेलेल्या प्रवाळांचे तुकडे, आणि त्यातून शंख पाठीवर घेऊन पळणारे लहान लहान खेकडे. लहान मुलं त्या खेकड्यांच्या मागे तासन्‌तास रमतात आणि मला स्वतःला ती वेळ भरतीइतकीच आवडते, पण पोहायचं म्हणून आलेल्या माणसाला तो धक्काच असतो. अनवाणी चाललात तर तळपाय कापतात.

म्हणून हॉटेलच्या पानावर "बीचफ्रंट" लिहिलंय म्हणजे दिवसभर पोहता येईल असं समजू नका. बुकिंगच्या आधी एकच प्रश्न विचारा, ओहोटीला तुमच्यासमोर पोहता येतं का? सरळ उत्तर देणारं हॉटेल बरं समजा.

नीलवर तर ओहोटीचीच वेळ साधायची असते. तिथला नॅचरल ब्रिज म्हणजे दगडाची नैसर्गिक कमान, लोक हावडा ब्रिज पण म्हणतात, ती ओहोटीलाच चालत जाऊन नीट बघता येते. पाणी ओसरल्यावर खडकांत डबकी राहतात, त्यात समुद्री काकड्या, रंगीत मासे, खेकडे, कधीकधी ऑक्टोपस. स्थानिक गाईड थोडे पैसे घेऊन एकेक डबकं दाखवतात, गाईड जरूर घ्या, आपल्याला जो नुसता दगड वाटतो त्यातून तो काय काय काढून दाखवतो. भरतीला गेलात तर तिथे लांबून कमान बघणं एवढंच हातात राहतं. उलट नीलच्याच भरतपूरला ओहोटी असेल तर काचेच्या तळाच्या बोटी चालत नाहीत, तिथे पाणी लागतं. म्हणजे एकाच बेटावर एका ठिकाणी ओहोटीला आणि दुसऱ्या ठिकाणी भरतीला जायचं, क्रम तसा लावा.

५. तुम्हाला पाण्यात काय करायचंय?

पोहायचं, नुसतं डुंबायचं, तर राधानगर, म्हणजे सात नंबर. टाइम मासिकाने २००४ मध्ये याला आशियातला सर्वोत्तम बीच म्हटलं तेव्हापासून सगळे तिकडेच धावतात, आणि २०२० मध्ये ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित बीचला मिळणारं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र, पण मिळालं. पण त्याचं मोठेपण फोटोत येत नाही. ते आहे तळात. पाण्याखाली बारीक, मऊ वाळू, हळूहळू खोल होत जाणारी, खडक नाहीत, त्यामुळे ओहोटीला पण डुंबता येतं. मागे उंच जंगल, त्यामुळे दुपारी सावली. बीच लांबलचक आहे, गर्दी सगळी प्रवेशाच्या आसपास असते, थोडं चालत पुढे गेलात की मोकळं. पण पाण्यात उतरायचं ते लाइफगार्ड जिथे आहेत तिथेच. कपडे बदलायची सोय आहे. जेट्टीपासून साधारण बारा किलोमीटर, बस पण जाते.

स्नॉर्कलिंग करायचं, मासे आणि प्रवाळ बघायचे, तर राधानगरला काही दिसणार नाही कारण तिथे वाळू आहे. जिथे डुंबायला छान तिथे प्रवाळ नाहीत आणि जिथे प्रवाळ तिथे डुंबता येत नाही, हे एकदा डोक्यात बसलं की निवड सोपी होते. स्नॉर्कलिंगसाठी हॅवलॉकचा एलिफंट बीच. जेट्टीवरून बोटीने जायचं, किंवा जंगलातून पायवाट आहे, पाऊस झाला असेल तर ती वाट चिखलाची होते. तिथे प्रवाळ किनाऱ्याजवळच आहेत त्यामुळे पोहता न येणाऱ्याला पण रबरी ट्यूबला धरून गाईड फिरवून आणतो. सकाळच्या पहिल्या बोटीने जा, अकरानंतर गर्दी आणि ढवळलेलं पाणी.

प्रवाळांबद्दल खरं सांगतो, टीव्हीवर दिसतात तसे भडक रंग सगळीकडे मिळणार नाहीत. २०१० मध्ये समुद्राचं तापमान वाढून इथले खूप प्रवाळ पांढरे पडले होते, त्या धक्क्याच्या खुणा काही ठिकाणी दिसतात. म्हणून जे जिवंत आहे त्याच्यावर पाय देऊ नका. गाईड कितीही म्हणाला "उभे राहा, फोटो काढतो" तरी नाही म्हणा. प्रवाळ वर्षाला अगदी थोडासा वाढतो आणि आपल्या एका पावलाखाली तुटतो.

सगळ्यात सुंदर प्रवाळ बघायचे तर पोर्ट ब्लेअरजवळच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातलं जॉली बॉय बेट. वंडूर जेट्टीवरून बोट, तिथे मुक्काम नाही, दुकान नाही, प्लास्टिक अजिबात नेऊ देत नाहीत, तपासणी होते. वन विभागाचं परमिट आधी काढावं लागतं आणि रोजची जागा मर्यादित. जॉली बॉय साधारण नोव्हेंबर ते मे खुलं, पावसाळ्यात त्याऐवजी रेड स्किन बेट खुलं करतात, म्हणजे एका बेटाला विश्रांती मिळते. ही पद्धत मला फार आवडते, आपल्या कोकणातल्या काही किनाऱ्यांना पण असं करायला हवं. त्यांची साप्ताहिक सुट्टी असते, वार विचारून ठेवा.

स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जायचं, तर हॅवलॉक. पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी पोहता येणं गरजेचं नाही, इन्स्ट्रक्टर सोबत असतो. वयाची दहा वर्षं पूर्ण हवीत, दमा, हृदयाचा त्रास, कानाची दुखणी असतील तर फॉर्मवर खरं लिहा, तिथे लपवू नका. स्वस्तात करून देतो म्हणणाऱ्यापेक्षा एका इन्स्ट्रक्टरमागे किती माणसं हे विचारून ठरवा.

बाकी काही शांत बसायचं असेल तर नील. छोटं बेट, सायकलवर फिरून होतं, शेती, केळी, नारळ, संध्याकाळी गावात भाजीचा बाजार. तिथल्या गावांची नावं राम नगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर आणि हॅवलॉकवर राधानगर, गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली निर्वासित कुटुंबं इथे वसवली गेली, त्यामुळे जेवणात मासे आणि भात उत्तम मिळतो. हिंदी सगळीकडे चालते.

उत्तर अंदमानात दिगलीपूरचे रॉस आणि स्मिथ (नाव बदललेलं रॉस ते हे नाही), दोन बेटं आणि मध्ये वाळूचा पट्टा, फोटोत बघून सगळ्यांना हवे असतात. पण पोर्ट ब्लेअरहून रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या वर आहे, जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून ताफ्याच्या ठरलेल्या वेळांनीच गाड्या सोडतात, गेला पूर्ण दिवस, यायला पूर्ण दिवस. आठवड्यापेक्षा कमी वेळ असेल तर सोडून द्या. आणि त्या रस्त्याने गेलात तर जारवांचे फोटो काढणं, गाडी थांबवणं, खायला देणं हे सगळं गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी माणसांकडे असं बघायला जाऊ नये.

६. सोबत कोण आहे?

आई-बाबा, आजी-आजोबा सोबत असतील तर एलिफंट बीच दोनदा विचार करा, स्पीडबोटीत चढ-उतार आणि आपटणारी बोट कंबर-गुडघ्यांना झेपत नाही. त्यांना राधानगरची दुपार आणि भरतपूर चांगलं, भरतपूर नीलच्या जेट्टीला अगदी लागून आहे. पोर्ट ब्लेअरला कॉर्बिन्स कोव्ह शहरातच. आणि सेल्युलर जेल. मराठी माणूस अंदमानला जातो तो निम्मा तर त्यासाठीच, सावरकर तिथे १९११ ते १९२१ होते. ज्येष्ठांना घेऊन जाताय तर जेल आणि संध्याकाळचा लाइट अँड साउंड शो यासाठी पोर्ट ब्लेअरचा एक अख्खा दिवस मोकळा ठेवा, बीचच्या नादात तो दोन तासांत उरकू नका. माझ्या ओळखीच्या कित्येक ज्येष्ठांना ट्रिपमधलं काय आठवतं विचारलं तर ते जेलबद्दलच बोलतात.

लहान मुलं असतील तर राधानगर, आणि विजयनगरला ओहोटी. नवीन लग्न झालेल्यांनी नीलवर एक रात्र जास्त ठेवावी, पॅकेजवाले नील दुपारपुरतं दाखवून परत आणतात, ते मान्य करू नका.

७. मुक्काम किती आणि कुठे

माझं मत विचाराल तर सहा रात्रींची ट्रिप असेल तर पोर्ट ब्लेअर एक, हॅवलॉक तीन, नील एक, परत पोर्ट ब्लेअर एक. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच हवी. सकाळच्या फेरीने येऊन दुपारचं विमान पकडायचा बेत करू नका, हवा बिघडली आणि फेरी रद्द झाली तर विमानही जातं, पैसेही. मुंबई-पुण्याहून बहुतेक वेळा चेन्नई, कोलकाता, बंगळुरू किंवा हैदराबादला विमान बदलावं लागतं, त्यामुळे एक चुकलं की पुढचं सगळं कोसळतं.

हॅवलॉकवर राहायला बहुतेक हॉटेलं पूर्वेच्या बाजूला, तीन आणि पाच नंबरच्या बीचकडे. राधानगरला मोजकी आहेत आणि महाग. पूर्वेला राहा, स्कूटर भाड्याने घ्या आणि राधानगरला जा-ये करा, पैसे वाचतात. लायसन्स सोबत ठेवा, हेल्मेट मागून घ्या, संध्याकाळनंतर रस्ता अंधाराचा असतो.

८. बुकिंगचा क्रम

विमान, मग फेरी, मग हॉटेल. लोक हॉटेल आधी करतात आणि मग हव्या त्या वेळेची फेरी मिळत नाही. खाजगी फेऱ्या पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक साधारण दीड तासात नेतात, एसी बंद केबिन असते, काही जहाजांत वर डेकवर जाऊ देतात. सरकारी फेरी स्वस्त आणि संथ, पण तिथे तिकिटासाठी स्थानिकांना प्राधान्य, आणि ते बरोबरच आहे, त्यांची ती रोजची एसटी आहे. उलटीचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी निघण्याच्या अर्धा तास आधी घ्यावी, जहाज हलायला लागल्यावर घेऊन उपयोग होत नाही. जेट्टीवर तासभर आधी पोचा.

वॉटर स्पोर्ट्सचे पैसे मात्र इथून आगाऊ भरू नका. हवा बिघडली की परत मिळवताना नाकी नऊ येतात.

९. पाण्यात उतरण्याआधी

मगरी. हो, अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, खाडी आणि खारफुटीजवळ. २०१० मध्ये राधानगरला लागून असलेल्या नील्स कोव्हमध्ये स्नॉर्कलिंग करणाऱ्या एका परदेशी पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. घाबरून ट्रिप रद्द करायची गरज नाही, पण वन विभागाचा बोर्ड असेल तिथे उतरू नका, खाडीच्या तोंडाशी पोहू नका, अंधार पडला की पाण्यातून बाहेर. लाइफगार्ड शिट्टी मारतात तेव्हा "अजून पाच मिनिटं" करत बसू नका.

ओढ लागली, म्हणजे पाणी आत खेचतंय असं वाटलं, तर किनाऱ्याकडे सरळ जोर लावू नका, दमाल. किनाऱ्याला समांतर थोडं बाजूला पोहा, ओढीचा पट्टा अरुंद असतो, त्यातून बाहेर पडल्यावर मग किनाऱ्याकडे वळा. पोहता येत नसेल तर अंग सैल सोडून तरंगत राहा आणि हात वर करा. मुलांना हे घरून निघतानाच शिकवा.

सकाळ-संध्याकाळ वाळूत बारीक माश्या चावतात, त्यांना सँडफ्लाय म्हणतात, त्यांची खाज आठवडाभर जात नाही. वाळूवर थेट झोपू नका, चटई टाका, पायांना कीटक पळवणारं मलम लावा.

आणि स्कूबा केल्यावर किमान अठरा तास विमानात बसायचं नाही, चोवीस ठेवले तर उत्तम. म्हणून स्कूबा ट्रिपच्या सुरुवातीला, शेवटच्या दिवशी कधीच नाही.

१०. सोबत काय घ्यायचं

• प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र, आधार किंवा मतदार कार्ड, मुलांचं पण. फेरीत चढताना लागतं.
• त्याच ओळखपत्रांच्या झेरॉक्स, दोन-तीन संच. परमिटसाठी मागतात आणि बेटावर झेरॉक्सचं दुकान शोधत बसावं लागतं.
• फेरीची तिकिटं प्रिंट करून. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आल्यापासून नेटवर्क खूप सुधारलंय, तरी जेट्टीवर ऐनवेळी जातं.
• रोख पैसे. यूपीआय चालतं पण नेटवर्क गेलं की तेही गेलं, नीलवर एटीएमवर भरवसा नको.
• रबरी तळाचे, मागून पट्टा असलेले सँडल. साध्या चपला पाण्यात वाहून जातात.
• पूर्ण बाह्यांचा पोहायचा टी-शर्ट. सनस्क्रीन कमी लागतं, पाठ भाजत नाही आणि प्रवाळांनाही बरं.
• स्टीलची पाण्याची बाटली, जॉली बॉयला प्लास्टिकची चालणार नाही.
• ड्रायव्हिंग लायसन्स, नेहमीची औषधं पूर्ण दिवसांची, छोटी बॅटरी.

जीन्स घरी ठेवा, तिथल्या दमट हवेत वाळत नाही.

११. परत येताना

शंख, शिंपले, प्रवाळाचे तुकडे वाळूत पडलेले दिसतात आणि मुलं खिशात भरतात. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, मेलेला तुकडा पण नेता येत नाही, विमानतळावर तपासणीत बॅग उघडायला लावतात आणि मग रांगेत सगळ्यांसमोर वाद. मुलांच्या खिशांची आणि सँडपिट खेळण्यांच्या पिशवीची झडती हॉटेलवरच घ्या आणि सगळं बीचवर परत ठेवून या, त्यातल्या रिकाम्या शंखांमध्ये खेकडे राहायला येतात. आठवण म्हणून शिंपल्यांच्या वस्तू हव्याच असतील तर पोर्ट ब्लेअरला सागरिका हे सरकारी एम्पोरियम आहे, तिथून घ्या, आणि पावती मोठ्या बॅगेत न टाकता हाताशी ठेवा, विचारलं की लगेच दाखवता येते.